ली-एनफिल्ड नंबर ४ : लष्करी रायफलीची शिकारी रायफल करताना

जुनी ली-एनफिल्ड घ्यायची, नळीवरचं पुढचं लाकूड कापून टाकायचं, वर दुर्बीण बसवायची, की झाली शिकारी रायफल, असा सर्वसाधारण समज आहे. करवतीचं काम खरंच दहा मिनिटांत होतं. मग तीच रायफल शंभर मीटरवर सहा-सात इंचांत गोळ्या पसरते आणि खापर जुन्या नळीवर फुटतं. दोष बहुतेक वेळा नळीचा नसतो. लाकूड आणि लोखंड जिथं एकमेकांना टेकतात तिथं तो असतो. म्हणून इथं करवतीपेक्षा, लाकूड-लोखंड कुठं टेकतं ते दाखवणाऱ्या काजळाला जास्त जागा दिली आहे.

आधी कायद्याचं. भारतात हे घरी करायचं काम नाही. या रायफलीचा .३०३ हा इथं प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर करणं आणि नळी तोकडी करणं हे गुन्हे आहेत. म्हणून भारतात या रायफलीचं शिकारी भावंड ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतूनच तयार होऊन आलं : ली-एनफिल्डच्याच यंत्रणेवर बेतलेली .३१५ ची स्पोर्टिंग रायफल. पुढची माहिती कॅनडा, अमेरिका, न्यूझीलंडसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी आहे, आणि तीही रायफल कायदेशीरपणे स्वतःच्या नावावर असेल आणि स्थानिक नियमांत असे बदल बसत असतील तरच.

कोणती घ्यावी, कोणती सोडावी

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसायची ती 'थ्री नॉट थ्री' बहुतेक करून जुन्या नंबर १ मार्क ३ घराण्यातली. रूपांतराला नंबर ४ जास्त सोयीची, कारण तिची बॉडी (बोल्ट जिच्यात चालतो तो लोखंडी सांगाडा) जाड आहे, नळी थोडी भारी आहे आणि बोल्ट-हेड (बोल्टचं पुढचं सुटं टोक) बदलून हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस जिथं टेकतं ती जागा यांतलं अंतर) दुरुस्त करता येते. इंग्लंडमध्ये फझाकर्ली, मॉल्टबी आणि बीएसए शर्ली, अमेरिकेत सॅव्हेज आणि कॅनडात टोरांटोजवळचं लाँग ब्रँच या कारखान्यांतून ती निघाली. कॅनेडियन रेंजर्सनी १९४७ पासून पुढची सत्तर वर्षं ती वापरली. थंडीत, चिखलात चालते की नाही हा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला आहे.

सगळे भाग एकाच नंबरचे असलेली, लाकूड अखंड असलेली रायफल कापू नका. १९५०-६० च्या दशकांत लष्करी शिल्लक माल कवडीमोल भावात मिळत होता, तेव्हा कापणं परवडत होतं. आज अखंड रायफलीची किंमत कापलेलीपेक्षा कितीतरी जास्त आहे. उलट आधीच कुणीतरी कापून ठेवलेल्या रायफली बाजारात भरपूर असतात. काम करायला त्याच चांगल्या, कारण त्यांत बिघडवण्यासारखं फार उरलेलं नसतं. अखंडच हाती आली असेल तर मूळ लाकूड जपून ठेवा आणि कापायला दुसरं सुटं लाकूड विकत घ्या.

बॉडीवर किंवा नळीवर 'डीपी' शिक्का असेल तर ती कवायतीची रायफल. ती कधीही झाडायची नाही. पुढच्या लाकडावर तारेचे वेढे असतील तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली असण्याची शक्यता असते, तीही टाळा. भारतात .४१० च्या गुळगुळीत नळीत बदललेल्या मस्केटी परदेशी बाजारात दिसतात. त्या या कामाच्या नाहीत.

लाँग ब्रँच आणि सॅव्हेजच्या मार्क १* मध्ये एक दुखणं ठरलेलं आहे. बोल्ट काढण्यासाठी उजव्या रुळाला पुढच्या बाजूला खाच दिलेली असते आणि त्या खाचेचं टोक घासून किंवा तुटून जातं. मग बोल्ट मागे ओढताना बोल्ट-हेड तिथंच रुळावरून उडी मारतं. खरेदीपूर्वी बोल्ट दहा-पंधरा वेळा जोरानं मागे-पुढे करून बघा आणि खाचेच्या कडा नखानं चाचपा. साध्या मार्क १ मध्ये खाचेऐवजी दाबायची खिटी असते, तिला हा त्रास नाही.

माउझर ९८ च्या तुलनेत एक मोठा खर्च इथं वाचतो. माउझरवर दुर्बीण बसवायची तर बऱ्याचदा सरळ बोल्ट-हँडल वाकवून घ्यावं लागतं आणि उभी राहणारी सेफ्टी बदलावी लागते. एनफिल्डचं हँडल मुळातच खाली वाकलेलं आहे आणि सेफ्टी डाव्या बाजूला आहे. दोन्हींना हात लावायची गरज नाही.

पहिलं काम : हेडस्पेस आणि नळी

लाकडाला हात लावण्याआधी हे तपासायचं. इथं रायफल नापास झाली तर पुढचे कष्ट आणि पैसे दोन्ही वाया जातात.

.३०३ च्या काडतुसाला कड असते आणि हेडस्पेस त्या कडेवर मोजली जाते. ०.०६४ इंचाच्या 'गो' गेजवर बोल्ट सहज बंद व्हायला हवा आणि लष्करी मापाच्या ०.०७४ इंचाच्या गेजवर तो बंद व्हायला नको. बोटानं हलका दाब द्या, ढकलू नका. या बोल्टचा रेटा जबरदस्त आहे, जोर लावला तर तो नापास गेजवरही मिटेल आणि गेजही खराब होईल. हेडस्पेस जास्त असेल तर काडतुसाचं पितळ बुडाच्या वर ताणलं जातं. दोन-तीनदा भरलेलं काडतूस मग तिथंच तुटतं आणि त्याचा पुढचा तुकडा चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) अडकून राहतो.

नंबर ४ ची बोल्ट-हेड ० ते ३ अशा चार आकारांत येतात, पुढचा प्रत्येक आकार आधीच्यापेक्षा किंचित लांब. आकडा हेडवरच कोरलेला असतो, पण त्यावर विसंबू नका. घासलेलं '२' नव्या '१' इतकंच भरू शकतं, म्हणून मायक्रोमीटरनं मोजा. नवं हेड बोल्टमध्ये पूर्ण फिरवल्यावर बोल्टच्या फासळीच्या रेषेपुढे २० अंशांपेक्षा जास्त जाता कामा नये. जास्त जात असेल तर आटे झिजलेत, तो बोल्ट बाद. दुसरा बोल्ट बसवायचा असेल तर त्याचे दोन्ही कान (बॉडीत अडकणारे पुढे आलेले भाग) सारखे टेकतात की नाही हे बंदुकीच्या मिस्त्रीकडूनच तपासून घ्या.

नळीसाठी गोळी मोजण्यापेक्षा नळी मोजा. .३०३ ची गोळी ०.३११ ते ०.३१२ इंचांची असते, पण युद्धकाळातल्या नळ्यांच्या आतल्या, गोळी फिरवणाऱ्या खाचा ०.३१५ पर्यंतही सापडतात. अशा नळीतून बारीक गोळी नीट फिरत नाही. दोन खाचांची नळी दिसली तर घाबरू नका. लाँग ब्रँच आणि सॅव्हेजनं युद्धात तशा बनवल्या आणि त्या पाच खाचांच्या नळीइतक्याच चांगल्या मारतात. तोंडाशी बघा. वर्षानुवर्षं दोरीनं ओढून साफ केलेल्या नळीचं तोंड एका बाजूला घासलेलं असतं, आणि ते अचूकतेला आतल्या थोड्याशा गंजापेक्षा जास्त महागात पडतं.

चेंबर बदलून जास्त दाबाचं काडतूस वापरायचा मोह आवरा. एनफिल्डचे कान बोल्टच्या मागच्या टोकाला आहेत. दाब पडला की बोल्ट आणि बॉडी दोन्ही किंचित ताणले जातात. अमेरिकन उद्योगमानकात .३०३ चा कमाल दाब ४९,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे आणि .३०८ चा ६२,०००. ईशापूरच्या २ए आणि २ए१ या रायफली ७.६२ साठी (.३०८ चंच लष्करी रूप) वेगळ्या पोलादाच्या केल्या गेल्या त्या याच कारणानं. नंबर १ मार्क ३ वर तसा प्रयोग करू नये.

सुटी करताना

रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करून मग मॅगझिन आणि बोल्ट काढा. त्यानंतर पुढचे पट्टे, वरची लाकडं, चापाच्या गार्डचा पुढचा मोठा स्क्रू आणि मागचा स्क्रू. मार्क १ मध्ये चाप गार्डवरच बसवलेला असतो, त्यामुळे तो गार्डबरोबर येईल. मार्क २ मध्ये तो बॉडीलाच लटकलेला राहतो.

पुढचं लाकूड काढताना नळीच्या तोंडाकडून तरफेसारखं उचकटू नका. मागच्या टोकाशी, मॅगझिनच्या आसपास, लाकडी हातोडीनं हलके ठोके देत सरळ खाली घ्या. उचकटलं तर आतल्या टेकूच्या जागा तुटतात आणि त्यांच्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

बट सगळ्यात शेवटी. बटप्लेटच्या झाकणातून आतला नमद्याचा तुकडा काढा आणि फूटभर लांब, रुंद पात्याच्या पेचकसानं आतला, बट धरून ठेवणारा लांब बोल्ट सोडवा. नंबर १ मार्क ३ असेल तर हा क्रम मोडायचाच नाही. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, आणि पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला तर ते लाकूड उभं चिरतं.

लाकूड आणि लोखंड जुळवणं

खरं काम हे आहे. झाडल्यावर बसणारा सगळा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, आतल्या दोन तिरक्या जागांवर येतो. इंग्रजी आर्मरर त्यांना 'ड्रॉज' म्हणतात, आपण टेकू म्हणू. बॉडीचे दोन खांदे त्यांना दोन्ही बाजूंनी सारखे भिडले पाहिजेत. ऐंशी वर्षांत लाकूड वाळतं, तेलानं मऊ पडतं आणि टेकू दबतात. मग प्रत्येक गोळीला बॉडी लाकडात थोडी सरकते आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबते.

तपासायला काजळ तेलात कालवून बॉडीच्या खांद्यांना अगदी पातळ लावा. लाकूड बसवा, दोन्ही स्क्रू आवळा, परत काढा. दोन्ही टेकूंवर पसरून काळा डाग उमटला तर उत्तम. एकाच बाजूला उमटला, किंवा फक्त कडेवर रेघ आली, तर दुरुस्ती हवी. बरोबर बसलेलं लाकूड चापाच्या गार्डशिवायही स्वतःच्या पकडीनं बॉडीला धरून राहतं. हातातून सहज गळून पडत असेल तर टेकू गेलेत हे काजळाविनाही कळतं.

दुरुस्तीचे दोन मार्ग. जुना मार्ग म्हणजे दबलेला भाग पटाशीनं चौरस कोरून तिथं कडक लाकडाचा तुकडा इपॉक्सीनं बसवायचा आणि काजळ लावत-लावत कानशीनं जुळवायचा. तुकड्याचे तंतू धक्क्याच्या दिशेत ठेवा, म्हणजे बॉडी तंतूंच्या टोकांवर आदळेल. आडवे ठेवलेत तर तो पुन्हा दबेल. दुसरा मार्ग पोलादाची पूड मिसळलेल्या बेडिंग इपॉक्सीचा. तो लवकर होतो आणि नवख्यासाठी बराही आहे, पण दोन चुका इथं हमखास होतात. लोखंडाला मेण किंवा रिलीज एजंट सगळीकडे लागत नाही आणि रायफल लाकडाला कायमची चिकटते. किंवा स्क्रूची भोकं आणि बॉडीच्या खाचा मातीसारख्या मऊ क्लेनं बुजवलेल्या नसतात, इपॉक्सी आत शिरून वाळते आणि कुलूप लागतं. टेकूंशिवाय इतर ठिकाणी क्ले अंमळ जास्तच लावा.

आता पुढचा मोठा स्क्रू. तो एका छोट्या नळकांड्यातून, कॉलरमधून, जातो. हे कॉलर लाकडाच्या जाडीपेक्षा केसभर आखूड हवं. लाकूड आकसतं, कॉलर आकसत नाही, त्यामुळे काही वर्षांनी स्क्रू लाकडाऐवजी कॉलरवर आवळला जातो. हाताला घट्ट लागतं, लाकूड मात्र आत सैल हलतं. कॉलर काढून स्क्रू आवळा, मग कॉलर घालून आवळा. दुसऱ्या वेळी स्क्रू लवकर थांबला तर कॉलर कानशीनं घासा, दर वेळी अगदी थोडं. जास्त घासलं तर स्क्रू गार्डला वर ओढतो आणि चापाचं गणित बदलतं. इतक्या छोट्या तुकड्यानं एवढा फरक पडतो हे पटत नाही, पण न मारणाऱ्या कापलेल्या एनफिल्ड उघडल्या की त्यात बऱ्याचदा हेच सापडतं.

तिसरी जागा नळीच्या मुळाशी, चेंबरखालचा सपाट भाग. तो लाकडावर इंचभर सपाट बसू द्या. त्यापुढे नळी कुठेही कडेला लागता कामा नये. नळीखालून दुमडलेली नोट सरकवून बघा. अडकली तर तिथं गोल दांडक्यावर पॉलिश पेपर गुंडाळून खाच मोकळी करा.

कापायचं कुठं

सुटं घेतलेलं लाकूड मधल्या पट्ट्याच्या दोन-अडीच इंच पुढे कापतात. पट्ट्यालाच स्लिंगची कडी असते, म्हणून तो ठेवायचा. खुणेवर चिकटपट्टी गुंडाळा, बारीक दातांच्या करवतीनं खुणेच्या जरा पुढे कापा आणि कानशीनं टोक गोल करत मागे या. उघडं पडलेलं तंतूंचं टोक तेल किंवा वॉर्निशनं लगेच बंद करा. तिथूनच लाकूड पाणी पितं आणि पावसाळ्यात वळून नळीला टेकतं.

पूर्ण लांबीचं लाकूड नळीच्या तोंडाशी खालून काही पौंडांचा दाब देत असे, आणि साइट त्या दाबासह लावलेल्या असत. कापल्यावर तो दाब जातो. मग एक तर नळी मुळापुढे पूर्ण मोकळी सोडायची, नाहीतर कापलेल्या टोकाशी छोटा टेकू देऊन ३ ते ५ पौंड दाब परत द्यायचा. कुठली पद्धत कुठल्या नळीला आवडेल हे आधी सांगता येत नाही. कायमचं काही करण्याआधी टोकाशी पुठ्ठ्याची पट्टी ठेवून पाच गोळ्या झाडा, पट्टी काढून पाच झाडा. बरी वाटेल ती पद्धत मग इपॉक्सीत पक्की करा.

नळी कापू नका. २५.२ इंचांची नळी जंगलात थोडी लांब वाटते खरी, पण कापली की फोरसाइट (पुढची साइट) जाते, आवाज वाढतो आणि तोंडाचं काम लेथशिवाय नीट होत नाही.

लाकडाचं रूप

पॉलिश पेपरनं घासायची घाई बहुतेकांना असते. त्यानं शिक्के पुसले जातात, कडा गोल होतात आणि लाकूड लोखंडापेक्षा खोल बसतं. जुनं तेल आणि मळ मिथिलेटेड स्पिरिटनं काढा. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, वाफेनं तंतू फुगून खड्डा वर येतो. तंतू तुटलेले असतील तर येणार नाही. मग कच्चं जवसाचं तेल : पातळ हात द्या, वीस मिनिटांनी उरलेलं पुसा, दिवसभर वाळू द्या. असे सात-आठ हात लागतील. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

बट चार लांबींत येतात, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकानं, आणि वर बी, एस, एन किंवा एल कोरलेलं असतं. जाड जाकीट घालून शिकार करणाऱ्याला 'एन' पेक्षा 'एस' जास्त सोयीचं पडतं.

चाप आणि दुर्बीण

चाप दोन टप्प्यांचा आहे, पहिला ३-४ पौंड आणि दुसरा ५ ते साडेसहा. जरा जड वाटतो, पण तो तसाच ठेवावा. सिअरची (चापाच्या आतल्या अडसराची) धार कानशीनं 'हलकी' करणारे बोल्ट आपटताच सुटणारी रायफल तयार करतात. मूळ सपाटी कायम ठेवून बारीक दगडानं घासण्यापलीकडे जाऊ नका. जोडल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात बंद करून आणि बट रबरी मॅटवर आपटून खात्री करा.

दुर्बिणीसाठी बॉडीला भोकं न पाडता बसणारे माउंट मिळतात. ते मागच्या साइटच्या पिनेचं भोक आणि चार्जर-ब्रिज (काडतुसांची चार्जर-पट्टी जिथं अडकवतात तो बॉडीवरचा आडवा पूल) यांचा आधार घेतात. चार्जर-ब्रिज घासून काढायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर आणि रिंगांना सुमारे २ न्यूटन-मीटर. डोळा आणि भिंग यांत ८-९ सेंटीमीटर अंतर ठेवा, कमी ठेवलं तर भुवई फुटते. बट लोखंडी साइटसाठी केलेला असल्यामुळे दुर्बिणीला गाल उंच न्यावा लागतो, म्हणून पट्ट्यानं बांधायची गालपट्टी लागेल. ही सगळी यातायात नको असेल तर पार्कर-हेलची पीएच५सी ही भोकाची साइट भोक न पाडता बसते आणि दीडशे मीटरपर्यंतच्या शिकारीला पुरते.

दुर्बीण वर आली की चार्जरनं भरणं बंद होतं. काडतुसं एकेक भरताना वरच्याची कड नेहमी खालच्याच्या कडेच्या पुढे ठेवा. मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट मधेच थांबतो.

मैदानावर

जुनी लष्करी काडतुसं वापरली असतील तर त्यांच्या प्रायमरमधलं मीठ नळीत राहतं. ते तेलानं निघत नाही, पाण्यानं निघतं. त्याच दिवशी नरसाळ्यानं उकळतं पाणी चेंबरकडून ओता, पुसा, मग तेल. शिकारीला १५० किंवा १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मऊ टोकाची गोळी घ्या. ती १७४ ग्रेनच्या लष्करी मार्क ७ पेक्षा वेगळ्या उंचीवर लागेल.

आधी २५ मीटरवर कागदावर आणा, मग १०० वर. तीन गोळ्या आणि थोडी विश्रांती, कारण पातळ नळी तापली की गोळ्या चढू लागतात. लोखंडी साइट ठेवली असेल तर फोरसाइटची पाती ०.०१५ इंचाच्या टप्प्यांनी मिळते. एक टप्पा उंच पाती लावली की गोळी १०० यार्डांवर साधारण १.९ इंच खाली जाते. टेकू आणि कॉलर नीट असतील तर दोन-तीन इंचांचा गट मिळतो. चार इंचांवर गेला तर नळीला दोष देण्याआधी पुढचा स्क्रू तपासा. नव्या टेकूंवरचं लाकूड पहिल्या वीस-तीस गोळ्यांत थोडं बसतं, म्हणून तेवढ्या झाडल्यावर तो एकदा पुन्हा आवळा आणि कोरड्या थंडीला सुरुवात झाली की परत बघा.